मुमानीला सांगितलेलं शांघाय

मुमानीच्या पडवीत बसून मी एक अख्खं शहर सांगितलं आहे. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मी मशिदीतून सरळ तिच्याकडे जायचो. ती दाराच्या आत बसायची, मी बाहेर. मधे जाड हिरवा पडदा. नवरा गेल्यावर आमच्यात बाई चार महिने दहा दिवस इद्दतीला बसते, परक्या पुरुषासमोर येत नाही. मी तिच्या नवऱ्याच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा. पण त्या बाबतीत भाचाही परकाच. त्यामुळे त्या दिवसांतला तिचा चेहरा मला ठाऊक नाही. आवाज ठाऊक आहे, आणि सुपात तांदूळ निवडण्याची तिची खसखस ठाऊक आहे. मी बोलत असे तोवर ती खसखस चालू असायची. एखादी गोष्ट तिला लागली की थांबायची.

परवा मुरूडला एका लग्नाला गेलो होतो. परत अलिबागला येताना वाटेत आमच्या जुन्या गावी उतरलो. मुरूड आणि काशीद यांच्या मधलं हे गाव. समुद्राकडे सुरूची झाडं, मागं पोफळीच्या वाड्या. मुमानी जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात दुसरे लोक राहतात. पडवीत जाळी वाळत होती आणि एक बाई पाय पसरून कोळंबी सोलत होती.

“कुणाकडं आलाव?” तिनं विचारलं.

“कुणाकडं न्हाय. पूर्वी येत होतो इथं.”

तिनं कोळंबीची परात बाजूला ओढून मला बसायला जागा केली. मी उभाच राहिलो. दाराला पडदा नव्हता. आतलं सगळं दिसत होतं आणि माझ्या नाकाशी मात्र शांघायच्या एका गल्लीचा वास आला: उकळत्या हाडांचा, आल्याचा, दगडी कोळशाच्या धुराचा, आणि ओल्या भिंतींचा.

इसाक मामू, मुमानीचा नवरा, बोटीवर भंडारी होता. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करणारा. आमच्या किनाऱ्यावरची पुष्कळ मुसलमान माणसं तेव्हा बोटीवर जायची. मी बावीस वर्षांचा झाल्यावर मामूच्याच बोटीवर खलाशी म्हणून लागलो. “माझ्या भावाच्या नजरेसमोर राहशील,” असं आई म्हणाली होती. मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, शांघाय आणि पुढं जपान, अशी आमची बोट जायची. बंदर आलं की बाकीचे खलाशी झोप काढायचे, पत्ते खेळायचे. मामू मेंदी लावलेली दाढी विंचरून, पांढरी टोपी घालून बाजारात जायचा. भाजीच्या ढिगासमोर उभा राहून एकेक पान चुरगाळून हुंगायचा. मासळीवालीनं हाकललं तरी हसत उभा राहायचा. त्याला चिनी भाषेतले दहापर्यंतचे आकडे, मीठ, मासा, ताजा आणि शिळा एवढेच शब्द येत होते. तेवढ्यावर तो तासभर बोलू शकायचा.

शांघायला त्याचं एक ठरलेलं दुकान होतं. गोदीपासून दोन गल्ल्या आत, निळ्या पाटीवर अरबी अक्षरं रंगवलेली. अक्षरं कुंचल्यानं काढलेली, चिनी वळणाची. आधी ती अरबी आहेत हेच मला कळलं नव्हतं. मामूनं बोट ठेवून एकेक अक्षर लावून दाखवलं तेव्हा अंगावर काटा आला. दुकान मा नावाच्या एका म्हाताऱ्या चिनी मुसलमानाचं होतं. पुढच्या बाजूला हलाल मांस विकायचा, मागं मोठ्या कढईत हाडांचा रस्सा उकळायचा आणि त्यात शेवया घालून लोकांना द्यायचा. खलाशांसाठी मांस मामू वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच घेत आलेला. आम्ही त्याला मा चाचा म्हणायचो. सलाम करताना त्याची जीभ अडखळायची, पण सलाम घेताना तो हातातलं काम खाली ठेवून, उजवा हात छातीवर धरून उभा राहायचा. तसा सलाम आमच्या गावातही कुणी घेत नसे.

त्या वर्षी शांघायला पोचलो तेव्हा मामूला आठवडाभर ताप होता. खोकला की वाकून बसायचा. बोटीवरच्या साहेबानं तपासलं आणि त्याला उतरवून तिथल्या इस्पितळात ठेवायचं ठरवलं. बोट जपानला जाऊन दोन महिन्यांनी परत येईल तेव्हा त्याला घेऊन जाईल, असं सारंगानं, म्हणजे आमच्या मुकादमानं, सांगितलं. मी मामूबरोबर राहायची परवानगी मागितली. मिळाली. बोट निघाली तेव्हा मी धक्क्यावर उभा होतो. पिवळ्या, गढूळ नदीतून ती वळली आणि त्या परक्या शहरात आम्ही दोघे राहिलो.

इस्पितळात मामू दोनच दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, “इथं फिनेलचा वास येतो रे. मला चाचाकडं ने. तिथं निदान रश्श्याचा वास येईल.”

मा चाचानं काही विचारलं नाही. दुकानावरची खोली मोकळी करून दिली. उभा लाकडी जिना, वर एक खाट, एक शेगडी, आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या घराची भिंत तेवढी दिसायची. रस्ता दिसत नव्हता, फक्त ऐकू यायचा.

पहिल्याच सकाळी खालून विचित्र आवाज आला. ओल्या शिंपल्या टोपलीत घालून हलवाव्या तसा, पण एकाच वेळी दहा ठिकाणांहून.

“काय हाय ते?” मामूनं डोळे न उघडता विचारलं.

“काय की.”

“काय की काय? जा, बघून ये.”

मी खाली गेलो. गल्लीत दोन्ही बाजूंना बायका ओळीनं उकिडव्या बसल्या होत्या. प्रत्येकीपुढं लाकडी पिंप, रात्री घरात वापरायचं. मैला नेणारी गाडी येऊन गेली होती आणि त्या पिंपं धूत होत्या; आत पाणी आणि शिंपल्या टाकून वेळूच्या झाडूनं गरागरा फिरवत होत्या. वर जाऊन मी सांगितलं तसा मामू खोकत खोकत हसला. “एवढ्या फेऱ्या झाल्या, पण सकाळचं शांघाय मी कधी बघितलंच न्हाय. कायम दुपारी बाजारात. आता रोज जात जा. काय काय आलंय बघ नि मला येऊन सांग.”

तेव्हापासून तो माझा नेम झाला. सकाळी मामूचं तोंड धुवायचं, त्याला रस्सा पाजायचा आणि खाली उतरायचं. तासाभरानं वर येऊन सांगायचं.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी तेलाच्या कढया लागायच्या. कणकेच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून, ताणून तेलात सोडल्या की हातभर लांब फुगायच्या. कामावर जाणारी माणसं त्या गरम दुधात बुडवून खायची. ते दूध गाईचं नाही, भिजवून वाटलेल्या कडधान्याचं. चव कच्च्या वालाच्या पाण्याच्या जवळपास. एक दुकान नुसतं उकळतं पाणी विकायचं, बाकी काही नाही. पोरीबाळी किटल्या घेऊन रांगेत उभ्या, आणि वाफेत त्यांचे चेहरे नाहीसे व्हायचे. चौकात इंग्रजांनी आणलेला, लाल फेटा बांधलेला शीख पोलीस हात वर करून उभा. त्याच्यासमोर ट्राम, माणसं ओढायच्या रिक्षा, डोक्याइतक्या उंच कोबीच्या हातगाड्या, सगळं थांबायचं. मी हिंदुस्तानीत सलाम केला तर तो इकडंतिकडं पाहून हळूच विचारायचा, “कौन गाँव?”

मामू मधे मधे मला थांबवायचा. “पुलाच्या उजव्या अंगाला एक खारवलेले मासे विकणारा हाय. नाकावर मस. बसलाय?”

“बसलाय.”

“आणि त्याच्या बाजूला अंडी? राखेत पुरलेली, काळी?”

“हायत.”

मग तो समाधानानं डोळे मिटायचा. त्याच्या डोक्यात तो रस्ता पूर्ण होता. मी फक्त कोण कुठं बसलं आहे ते सांगायचो.

दुपारी मी मा चाचाजवळ बसून त्याच्या हाताकडे बघायचो. कणकेचा एक लांब गोळा दोन्ही हातांनी ताणायचा, दुमडायचा, फळीवर आपटायचा, पुन्हा ताणायचा. एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि बघता बघता बोटांवर रेशमाचा झुबका लोंबायचा. आमच्याकडे बायका उन्हात बसून शेवया करतात, त्या दिवसभराच्या कामाइतकं तो चार श्वासांत करायचा. मग शेवया उकळत्या पाण्यात, वर रस्सा, मांसाचे पातळ काप, कोथिंबीर. कोथिंबिरीचा वास आला की मला रडू यायचं. का ते आजही सांगता येत नाही. सगळं परकं असताना एवढंच एक पान ओळखीचं होतं.

शरद संपत आला तशा गल्लीत गोष्टी बदलल्या. टोमॅटोसारखी दिसणारी नारिंगी फळं आली, आतून गरासारखी मऊ. मग थंडी पडली आणि चेस्टनट नावाच्या कडक सालीच्या तपकिरी बिया भाजणारे आले. मोठी कढई, तीत काळी वाळू, वाळूत थोडी साखर, आणि माणूस फावड्यानं ढवळतोय. तो वास गल्ली भरून वर जिन्यापर्यंत यायचा. मामूला सांगताना मी म्हणालो, हिवाळ्यात आपल्याकडे शेतात मडक्यात वालाच्या शेंगा भाजतात तसं काहीतरी. तो म्हणाला, “पोपटीसारखं? मग दोन आण.” आणले. त्यानं एक दाणा तोंडात धरला, चावला नाही, नुसता धरून ठेवला.

तोवर त्याचं खाणं कमी होत चाललं होतं. आधी शेवया सुटल्या, मग मांस सुटलं. एकदा म्हणाला, “भात आणि मासळीचं कालवण खावंसं वाटतं रे.” नारळ मिळाला नाही, कोकम मिळालं नाही. मा चाचानं काळा सिरका दिला, आलं दिलं, मासा दिला. मी शेगडीवर जमेल तसं कालवण केलं. मामूनं एक घास घेतला आणि बराच वेळ चघळला.

“नदीचा मासा हाय,” तो म्हणाला. “ह्याच्यात समुद्र न्हाय.”

मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं आणखी एक घास घेतला.

डिसेंबरातल्या एका दुपारी मामू गेला. मा चाचा आणि त्याच्या मशिदीतली तीन माणसं आली. त्यांनी कोमट पाण्यानं गुस्ल दिला, पांढरं कफन गुंडाळलं. मौलवी चिनी होता, डोळे बारीक, आवाज खोल. त्याच्या तोंडून कुराणातली यासीन ऐकताना शब्द वेगळ्याच सुरात येत होते, तरी प्रत्येक शब्द माझा होता. शहराबाहेर, ओसाड शेतांच्या कडेला त्यांचं कबरस्तान होतं. तिथं मी पहिली मूठ माती टाकली. रात्रीच्या थंडीनं जमीन गोठलेली होती; माती नाही, खडे पडले. परत येताना मा चाचा माझा हात धरून चालला, बाजारातून, चौकातून, सगळ्यांसमोर, लहान मुलाचा धरावा तसा.

बोट ठरल्याप्रमाणे आली. मुंबईला उतरलो, तिथून किनाऱ्यानं जाणारी आगबोट धरली. मुरूडसमोर ती थांबली, पडावानं आम्हा उतारूंना किनाऱ्याला आणलं. तार आधीच पोचली होती. त्यामुळे मी गावात शिरलो तेव्हा बातमी माझ्या पुढं गेलेली होती, आणि मला सांगायला काहीच उरलं नाही असं मला वाटलं.

पहिल्या शुक्रवारी पडद्याआडून मुमानीचा आवाज आला. तेव्हा ती तिशीच्या आसपास होती. मूलबाळ नव्हतं. मामू वर्षातून दीड-दोन महिने घरी असायचा. बाकीचं वर्ष ती या पडवीत.

“कसे गेले ते न्हाय विचारत मी,” ती म्हणाली. “काय खात होते ते सांग.”

मी रस्सा सांगितला. शेवया सांगितल्या. खसखस थांबली.

“आपल्यासारख्या?”

“लांब. हातानं ताणून करतात, उन्हात वाळवत न्हाईत. लगेच रश्श्यात.”

“आणि त्यांना आवडायच्या?”

“फार.”

“मी केल्या की एक वाटी घ्यायचे. दुसरी कधी मागितली न्हाय,” ती म्हणाली, आणि जराशी हसली, आणि मग हसण्याचा आवाज दुसऱ्याच आवाजात बदलला. मी सुरूच्या झाडांकडे बघत बसलो.

असे ते शुक्रवार गेले. तिला सगळं हवं असायचं. उकळतं पाणी विकतात तर चूल कसली? पिंपं धुणाऱ्या बायका आपसात काय बोलतात? शीख पोलिसाला थंडीत मोजे असतात का? नकाशावर शांघाय कुठं आहे हे तिला कधी जाणून घ्यायचं नव्हतं. गल्लीत पाणी कुठून येतं हे हवं होतं. कबरीविषयी तिनं एकच विचारलं, “तोंड कुठं केलं?”

“पश्चिमेला. तिथूनही मक्का पश्चिमेलाच.”

“म्हणजे इकडंच,” ती म्हणाली.

आणि इद्दतीच्या शेवटच्या शुक्रवारी, जे ती टाळत आली होती ते तिनं विचारलं. “शेवटच्या दिवशी तू जवळ होतास?”

“होतो,” मी म्हणालो. “खोलीतच होतो, सकाळपासून. डोकं माझ्या मांडीवर होतं. पाणी मीच पाजलं, कलमा मीच ऐकवला. शांतपणे गेले.”

खसखस थांबलेली होती. बऱ्याच वेळानं ती पुन्हा सुरू झाली. “अल्ला तुझं भलं करो,” ती म्हणाली.

यातलं एक अक्षरही खरं नव्हतं.

त्यानंतर मी बोटीवर गेलो नाही. अलिबागला नारळ-सुपारीच्या एका वखारीत कामाला लागलो, लग्न झालं, मुलं झाली. मुमानीकडे जाणं कमी झालं, तरी ईदला जायचोच. पडदा कधीच निघाला होता. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. प्रत्येक वेळी ती एखादी गोष्ट काढायची. “तो मसवाला, पुलावरचा, त्याचं काय रे?” आणि मी पुन्हा सांगायचो. तिला पाठ झालं होतं. मी एखादी हातगाडी विसरलो तर ती आठवण करून द्यायची. माझ्या बायकोला ती म्हणाली होती, “मी कधी रेवदंड्याच्या पलीकडं गेले न्हाय, पण मला शांघायला सोड, मी चाचाचं दुकान बरोबर शोधीन.” आणि ती हे बोलायची तेव्हा मला माझ्याच आवाजाची शिसारी यायची, कारण जे मी सांगत होतो ते सगळं खरं होतं आणि त्याच्या शेवटाला माझं खोटं चिकटलेलं होतं.

नऊ-दहा वर्षं अशी गेली. मग एका श्रावणात अलिबागच्या वाचनालयात वर्तमानपत्र उघडलं आणि शांघायचं नाव दिसलं. जपानी विमानांतून बॉम्ब पडत होते. जळालेल्या वस्त्यांची नावं दिली होती, त्यांतलं एक नाव गोदीजवळच्या आमच्या वस्तीचं. मी ते पान तिथंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गावी गेलो. समुद्र खवळलेला, वाडीत चिखल. मुमानी चुलीपुढं बसून तव्यावर सुके बोंबील भाजत होती.

मी उंबऱ्याशी बसलो आणि सांगितलं.

“चाचाचं दुकान?” तिनं विचारलं.

“ठाऊक न्हाय. तो भाग जळाला म्हणतात.”

“आणि ह्यांची जागा?”

“कबरस्तान लांब हाय, शहराबाहेर.”

“म्हणजे ते पण ठाऊक न्हाय.”

“न्हाय.”

तिनं बोंबील उलटले. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते, की धुरानं नव्हे. “तो म्हातारा गेला असंल तर मग तूच एक राहिलास,” ती म्हणाली. “ह्यांना तिथं बघितलेला.”

ते ऐकलं आणि मला गप्प बसवेना.

“मुमानी, मी जवळ नव्हतो.”

“कधी?”

“मामू गेला तेव्हा. मी खोलीत नव्हतो. रस्त्यावर होतो.”

तिनं वळून बघितलं नाही. “मला ठाऊक हाय,” ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“सगळे दिवस सांगितलेस तू मला,” ती म्हणाली. “कुठल्या दिवशी कोण काय विकायला आलं होतं, पाऊस होता की ऊन, सगळं. त्या एका दिवसाची फक्त खोली सांगितलीस. एवढा मोठा बाजार, त्या दिवशी बंद होता काय?”

तिनं हे किती वर्षं मनात ठेवलं होतं! ईदला मला खीर वाढताना, माझ्या मुलांच्या हातावर खजूर ठेवताना. पण तिला ठाऊक नव्हतं असं अजून एक होतं, आणि आता ते ठेवून चालणार नव्हतं.

“रोज तो मला पाठवायचा,” मी म्हणालो. “त्या दिवशी पाठवलं न्हाय. म्हणाला, ‘आज नको जाऊ. आज बस जरा.’ चार दिवस पाऊस होता, मी त्या खोलीत कोंडल्यासारखा होतो. त्या दिवशी ऊन पडलं होतं. मी म्हटलं, लगेच येतो. आणि गेलो.”

आता तिनं बघितलं. बोंबील करपायला लागले होते. तिनं तवा उतरवला, हात पदराला पुसले, आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बाहेर पोफळींवर पाणी वाजत होतं. तिची पाठ माझ्याकडे होती. इद्दतीतल्या पडद्यापेक्षाही ती पाठ मला अवघड गेली.

“बस म्हणाले?” तिनं तिथूनच विचारलं.

“व्हय.”

“आणि तू गेलास.”

“गेलो.”

माफ केलं असं तिनं तेव्हा म्हटलं नाही, नंतरही कधी म्हटलं नाही. मग ती आत येऊन पाटावर बसली, माझ्यासमोर. डोळे कोरडे होते.

“वर येऊन त्यांना सांगणार होतास ना, काय बघितलंस ते?”

“व्हय.”

“ते राहिलं. मला सांग.”

“मुमानी…”

“सांग.”

मी सांगायला लागलो. सगळ्या गल्लीनं रजया उन्हात काढल्या होत्या, वेळूच्या काठ्यांवर, एवढ्या की खालून वाकून चालावं लागत होतं. रजयांना दमट कापसाचा वास होता. एक म्हातारी दारात बसून नातीच्या वेण्या घालत होती आणि दोघींच्या तोंडावर ऊन होतं. मसवाल्यानं मासे उन्हाकडे तोंड करून मांडले होते. चौकातला शीख पोलीस फेट्याआडून डोळे बारीक करून हसला. कोपऱ्यावर त्या हिवाळ्यातला पहिला रताळेवाला आला होता. पत्र्याच्या पिंपात निखारे, आतल्या कडेला टांगलेली रताळी, सालीतून चिक गळून काळा झालेला. मी एक घेतलं. हात भाजत होते म्हणून या हातातून त्या हातात करत, तिथंच उन्हात उभा राहून खाल्लं. अर्धं मामूसाठी कागदात गुंडाळून घेतलं.

“गोड होतं?” मुमानीनं विचारलं.

“फार.”

तिनं मान हलवली. “मग?”

मग मी लगेच परतलो नाही. पुलापर्यंत गेलो. खाली चपट्या होड्या दाटल्या होत्या, एका होडीत बाई भात शिजवत होती, तिच्या पाठीला बांधलेलं मूल झोपलं होतं. ते बघत उभा राहिलो. किती वेळ ते ठाऊक नाही. मग परत फिरलो. रजयांखालून, म्हातारीच्या दारावरून, पाण्याच्या दुकानावरून. चाचाचं दुकान उघडं होतं पण फळीवर कणीक तशीच पडलेली, आणि चाचा तिथं नव्हता. जिन्याशी आलो. कागद अजून गरम होता.

तिथं मी सांगायचा थांबलो. इतक्या वर्षांत मनातल्या मनातसुद्धा मी त्या जिन्याच्या पुढं गेलो नव्हतो.

मुमानीनं हात पुढं करून माझ्या मनगटावर ठेवला. तिच्या बोटांना राख लागलेली होती.

“चढ,” ती म्हणाली. “मी हाय.”